जमिनीवर डावं, दर्यात उजवं

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी सांगायला नको. मासळी विकणारीनं संशयी असावंच लागतं. बर्फातली सुरमई आजची की परवाची, हे आणणारा सांगत नाही, तिचे कल्ले सांगतात. चाळीस वर्षं मी मुरूडच्या बाजारात पाटी घेऊन बसले. माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या हाताकडे बघायची सवय मला तिथे लागली. संध्याकाळी पाटीबरोबर ती सवयही धुऊन उलटी घालता आली असती तर आमच्या घरात पुढचं काही घडलं नसतं.

आमचा कोळीवाडा आगरदांड्याच्या अलीकडे. घरात आम्ही तिघं: मी, माझा म्हातारा धर्माजी आणि सून नेत्रा. मुलगा प्रणय आखातात टगबोटीवर असतो, वर्षातून दोन महिने घरी येतो. धर्माजी सहासष्ट वर्षांचा झाला, तरी होडी स्वतःच चालवतो. डोल, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत बांधायचं मोठं जाळं, लावायला पुतण्या सदू बरोबर असतो.

पण आमच्या घराची खरी पुंजी होडी नाही की डोल नाही. आमची पुंजी म्हणजे एक खडप, पाण्याखालचा खडक. माझ्या सासऱ्यांनी तो शोधला. सात वाव, म्हणजे चाळीसेक फूट पाण्याखाली, आमच्या घरा-अंगणाएवढाच असेल, पण त्याच्या कपारीत हेकरू मासे राहतात, हॉटेलवाले लॉबस्टर म्हणतात ती शेवंड राहते, आणि नशीब असेल त्या दिवशी सोन्याच्या भावाची घोळ लागते. होळीनंतर डोलीत नुसतं प्लास्टिक आणि जेलीफिश यायला लागली की धर्माजी लहान होडी घेऊन एकटाच गळ टाकायला तिथे जातो. सदूलाही नेत नाही. प्रणयचं शिक्षण त्या खडपावर झालं, आमच्या घरावरची कौलं त्या खडपानं बदलली.

अशी जागा सापडते ती निशाणीनं. टेकडीवरचं पांढरं देऊळ मागच्या डोंगराच्या खिंडीपासून एक मूठ उजवीकडे दिसलं पाहिजे. हात लांब करून मूठ धरायची आणि मोजायचं. ही झाली पहिली निशाणी. दुसरी कांसा किल्ल्याची आहे, ती मी इथेही सांगणार नाही. दोन्ही जुळल्या की खाली खडप. होडीवर जीपीएसचं यंत्र आहे, पण धर्माजीनं खडपाची जागा त्यात कधी भरली नाही. यंत्र दुरुस्तीला गेलं की खडप बाजारात गेलं, असं तो म्हणतो. संशयात मी त्याच्याहून वरचढ आहे असं लोक म्हणतात, पण शिकले मी त्याच्याकडूनच.

आमच्याकडे एक रीत आहे. किनाऱ्यावर कोणी विचारलं, आज कुठे होतात, तर उलटं सांगायचं. जमिनीवर डावं, दर्यात उजवं, अशी म्हणच आहे. त्याला आमच्याकडे कोणी खोटं बोलणं म्हणत नाही. बायकांनी नवऱ्याचं नाव घेताना आढेवेढे घ्यावेत, तसा तो एक रिवाज आहे. विचारणाराही मनातल्या मनात उलट्याचं सुलटं करतो, आणि त्यानं तसं करू नये म्हणून सांगणारा मधूनच एखाद्या दिवशी खरंही सांगतो. एकंदरीत वाळूवर ऐकलेल्या निशाणीवर कोणी होडी सोडत नाही.

मला धर्माजीनं निशाणी सांगितली ती लग्नानंतर तीन वर्षांनी. दुपारी पडवीत जाळं विणत होता. विणता विणता मान वर न करता त्यानं ती सरळ सांगितली, आणि म्हणाला, ध्यानात ठेव. त्या दिवशी मी खरी ह्या घरची झाले असं मला वाटलं. मी खडप कधी बघितलं नाही. एखाद्याला अर्थ न कळता आरती पाठ असते, तशी मला ती निशाणी पाठ होती.

आता नेत्राबद्दल. ती माणगावकडची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. कॉलेजात प्रणयशी ओळख झाली आणि घरच्यांचा रुसवा पत्करून ती आमच्यात आली. बीएस्सी झालेली, पण आली तेव्हा तिला बोंबील आणि वाकटी ओळखता येत नव्हती. मी सांगेन ते वहीत लिहून घ्यायची. आमचं स्वयंपाकघर काळोखी आहे. फळीवर दोन सारख्या चिनीमातीच्या बरण्या, एकीत मीठ आणि एकीत साखर. ती चुलीपाशी उभी राहून विचारायची, "आई, मीठ कुठल्यात?" मी डावी म्हटलं की ती न बघता, न चाखता डावीत हात घालायची आणि मूठ कालवणात टाकायची. इतका विश्वास बघून मलाच धसका बसायचा. एवढं सगळं खरं मानणारं माणूस एकतर भोळं असतं, नाहीतर फार पुढचं असतं. ती भोळी असेल असं मला काही वाटेना.

गेल्याच्या गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. मुंबईची कुठलीशी संस्था आमच्या समोरच्या दर्यात 'कृत्रिम भित्तिका' बसवणार होती. सभेला सगळा वाडा जमला. नोटीस वाचून झाल्यावर आमचे बाबाजी उभे राहिले. वाड्यात वयानं सगळ्यांत मोठे तेच.

"भित्तिका म्हंजे भिंतच ना?" त्यांनी विचारलं. "दर्यात भिंत कनाला? आमाला आत ठेवाला का भायेर ठेवाला?"

संस्थेच्या सोनल मॅडम हसल्या. वाड्यातलं कोणी हसलं नाही. कारण काही वर्षांपूर्वी असेच कोणी साहेब आले होते, जेट्टीसाठी मोजणी करायची म्हणाले होते आणि पाण्यात पिवळे तरंगते बोये टाकून गेले होते. तात्पुरते आहेत म्हणाले होते. ते बोये अजून आहेत, आणि त्यांच्या आत होडी गेली की शिट्टी वाजते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आम्ही तर पाणीही फुंकत होतो.

सोनल मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवली. सिमेंटचे तिकोनी ठोकळे, विहिरीच्या कड्यांसारखी कडी, भोकं पाडलेले नळ. ट्रॉलरनी तळ खरवडून खरवडून सपाट केलाय, माशाला अंडी घालायला आडोसा राहिला नाही, तो आडोसा आपण करून देऊ, असं त्यांचं म्हणणं. ठोकळ्यांवर शेवाळ धरेल, कालवं चिकटतील, त्यामागे लहान मासळी येईल आणि तिच्यामागे मोठी. शिवाय ठोकळे असतील तिथे ट्रॉलरवाला जाळं ओढणार नाही, फाटेल ना त्याचं. मागून कोणीतरी म्हणालं की हे तर गटाराचे पाईप हायत. मॅडम बोलत होत्या ते आमच्या भाषेत कोण समजावून देत होतं? माझी सून. संस्थेनं तिला महिन्यापूर्वीच गावसंपर्काच्या कामाला घेतलं होतं, आणि ते मला सभेच्या आदल्या दिवशी कळलं होतं.

शेवटी मॅडम म्हणाल्या की जागा तुम्हाला विचारूनच ठरवू, तुमच्या बापजाद्यांचं ज्ञान आम्हाला हवंय. झालं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ठोकळेबिकळे सगळं वरवरचं. ह्यांना आमच्या जागा पाहिजेत.

धर्माजीचंही मत तेच झालं. तो भांडला नाही. त्यानं फक्त त्या कामाकडे पाठ फिरवली. नेत्रा त्यासंबंधी काही बोलायला लागली की तो उठून जाळ्यापाशी जायचा. पाठ फिरवणं मला कधी जमलं नाही. मी पाळत ठेवायला लागले. फोन आला की ती अंगणात जायची आणि आवाज खाली करायची. लॅपटॉपपाशी मी गेले की तो हळूच मिटायची. सदूच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यानं मला येऊन सांगितलं की काकी, वहिनी जेट्टीवर मॅडमबरोबर नकाशा पसरून उभी होती आणि बोट नेमकं पाण्यावर ठेवून काहीतरी दाखवत होती. मी म्हटलं, नकाशात पाणीच असेल तर बोट दुसरं कुठे ठेवणार? पण रात्रभर ते बोट माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही.

जानेवारीत एका दुपारी आम्ही दोघी अंगणात बोंबील वाळत घालत होतो. अर्धी दोरी भरल्यावर तिनं विचारलं.

"आई, आपल्या घरचं खडप नक्की कुठं हाय?"

माझ्या हातातला बोंबील हातातच राहिला. मी विचारलं, तुला कशाला? ती जरा अडखळली. कामाला येईल, म्हणाली, पण आत्ता जास्त सांगता येणार नाही, ऑफिसनं जागेबद्दल बोलायला मनाई केलीय. एका वाडीला कळलं की दुसरी वाडी भांडायला उठते.

म्हणजे तिच्या ऑफिसचं गुपित ऑफिसात राहणार, आणि माझ्या घरचं गुपित तिनं न्यायचं. वाहवा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरळ नाही म्हणावं असं एक क्षण वाटलं, आणि तसं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नाही म्हणून मला काय कळणार होतं? बाजारात मी असंच करायची. गिऱ्हाईक खोटी नोट खपवतंय असा वास आला की नोट परत द्यायची नाही, घ्यायची आणि त्याच्या हाताकडे बघत राहायचं.

मी आवाज अगदी मऊ केला. तुला सांगायला हरकत नाही बाई, म्हटलं, पण म्हाताऱ्याला कळू देऊ नको. आणि तिला निशाणी सांगितली. किल्ल्याची बरोबर सांगितली. देवळाची सांगितली ती अशी: "खिंडीच्या डावीकडं. एक मूठ."

तिनं वही काढली नाही. तीनदा ओठांतल्या ओठांत घोकलं आणि राहिलेले बोंबील भराभर अडकवून ऑफिसला गेली. लिहून घेतलं असतं तर मी म्हटलं असतं, बघा, चोरी करतेय. लिहिलं नाही म्हणून म्हटलं, बघा, किती सराईत आहे.

माझा बेत सोपा होता. खिंडीच्या डावीकडे खाली नुसता चिखल आहे हे मला माहीत होतं. ठोकळ्यांच्या खुणेचे बोये नेमके तिथे येऊन पडले की सून फितूर आहे हे सिद्ध. मग प्रणयला फोन लावायचा. काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं: तुझ्या बायकोनं तुझ्या आज्याचं खडप विकायला काढलंय, आता ह्या घरात ती राहील नाहीतर मी. चुलीपाशी बसून ही वाक्यं मी कितीदा म्हणून बघितली, त्याला गणती नाही.

फेब्रुवारीत खाडीपलीकडून बार्ज आला. क्रेननं तीन दिवस ठोकळे सोडले. दर्यावर धुरकं पडलं होतं, किनाऱ्यावरून नुसती बार्जची सावली दिसायची. पहिल्या दिवशी सोसायटीच्या लोकांनी नारळ सोडला. धर्माजी गेला नाही, भिंतीकडे तोंड करून जाळं सांधत बसला. चौथ्या दिवशी सदू दुसऱ्या कोणाच्या बोटीवरून परत आला, तेव्हा मी त्याला वाटेतच गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, बोये कुठे पडले रे? खालच्या अंगाला, देऊळ खिंडीच्या डावीकडे येतं तिथे का?

"तिथं काय न्हाय, काकी," सदू म्हणाला. "मी तिथनंच आलो. सपाट पानी हाय. सगलं वर टाकलंय, किल्ल्याच्या अंगाला."

मी त्याला वाटेतच चहाला चल म्हटलं. माझ्या छातीवरचा पाटा उतरला. सून फितूर नव्हती. मी निशाणी दिली आणि तिनं ती पोटात ठेवली. वर म्हणजे कुठे, किती वर, हे विचारायचं मला सुचलंच नाही. संशयी माणूस एकदा का खूश झालं की त्याच्याइतकं आंधळं दुसरं कोणी नसतं.

त्या दिवशी मी पापलेटाचा मधला तुकडा नेत्राला वाढला. तो तुकडा आमच्याकडे म्हाताऱ्याचा असतो. धर्माजीनं एकदा ताटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि शेपटी खाल्ली. नंतर मी प्रणयला फोन करून सांगितलं की तुझी बायको गुणाची आहे. मग तो म्हणाला, "आई, घरी काय झालंय? खरं सांग." आमच्या घराण्यात कौतुकसुद्धा कोणी सरळ घेत नाही.

पंधरा दिवस फार छान गेले. मी तिला शेवंड सोलायला शिकवली. तिनं मला फोनवर फोटो मोठा कसा करायचा ते दाखवलं. बरणी, मीठ, डावी, उजवी, सगळं पूर्वीसारखं चाललं होतं.

होळी झाली आणि धर्माजी लहान होडी घेऊन खडपावर गेला. नेहमी उन्हं कलल्यावर येतो, त्या दिवशी बाराच्या आत आला. टोपली रिकामी. आम्ही दोघी पडवीत होतो. त्यानं खांद्यावरची दोरी काढली आणि तिच्या टोकाचं शिशाचं वजन आमच्या पुढ्यात ठेवलं. त्या वजनाच्या बुडाला खळगा आहे, त्यात तो साबण भरतो, म्हणजे तळाला काय आहे ते साबणाला चिकटून वर येतं. चिखल असला तर चिखल, वाळू असली तर वाळू, खडप असलं तर शिंपल्यांचा चुरा. साबणावर करडी पूड होती.

"सिमिट हाय," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं, आणि तो सांगत होता तेव्हा मला वाटत होतं की तो रडला तर बरं. आज हवा स्वच्छ होती. तो देवळाची मूठ धरून गेला, किल्ला जुळला, आणि बघतो तर चहूकडे पिवळे बोये. आपलंच चुकलं असं वाटून तीनदा लांब जाऊन परत आला. तीनदा तिथेच आला. वजन सोडलं तर हाताला खडपाचा ठोका लागेना, दुसराच कसलातरी पोकळ ठोका लागला. गळ टाकले, ते तिन्ही अडकून तुटले. कपारींवरच ठोकळे बसले होते. वर बोये, आणि बोयांवर पाटी, दोन वर्षं इथे मासेमारी बंद.

"निशाणी कोनी दिली?" त्यानं विचारलं. ओरडला नाही. तो नेत्राकडे बघत होता.

"मी दिली, बाबा," नेत्रा म्हणाली. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "पण ती जागा सोडा, म्हणून दिली."

ती भराभरा बोलायला लागली. संस्थेनं आधी जी जागा धरली होती ती खालच्या अंगाला होती, देऊळ खिंडीच्या डावीकडे येतं तिथे. तिथे थोडा चिखल आहे पण त्याखाली तळ घट्ट आहे, चालेल, असं ठरलं होतं. ते नकाशावर बघितल्यापासून तिला धाकधूक होती की आपल्या घरचं खडप त्यात जाऊ नये. म्हणून तिनं मला विचारलं. मी सांगितलेली निशाणी तिनं नकाशावर ताणून बघितली आणि ती नेमकी त्याच जागेवर पडली. ती दोन आठवडे मॅडमशी भांडली. ती आमच्या घरची जागा आहे, तिला हात लावाल तर मी काम सोडते म्हणाली. शेवटी त्यांनी ऐकलं आणि एक किलोमीटर वर सरकले. वरच्या जागेची मोजणी झालेली होती, पण मोजणीची बोट शेतातल्या नांगरासारखी सरीसरीनं जाते, आणि दोन सरींच्या मधे ढेकूळ राहावं तसं एवढंसं खडप यंत्राला दिसलं नाही. वाचवलं या आनंदात तिनं आम्हाला आश्चर्याचा धक्का द्यायचं ठरवलं होतं. बाबा होळीनंतर जातील आणि खडप आहे तसं बघून येतील, मग सांगू, असं.

धर्माजी सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "नक्की काय सांगितलंस त्यांना? निशाणी बोल."

"किल्ला जसा हाय तसा. आणि देऊळ खिंडीच्या डावीकडं, एक मूठ."

"डावीकडं," धर्माजी म्हणाला.

त्यानं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. जगात ती निशाणी तिघांना माहीत होती, आणि त्यातला एक आखातात होता. मला काही बोलावं लागलं नाही, पण गप्प बसणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. मी रीत पुढे केली. जमिनीवर डावं, दर्यात उजवं, हे तुम्हीच शिकवलंत ना मला, म्हटलं. मी जगावेगळं काय केलं?

"ती रीत लोकांसाठी हाय, सत्या," तो म्हणाला. "घरच्या मानसाला सरळ सांगाचं असतं. मी तुना सरळ सांगितलं व्हतं."

एवढं बोलून त्यानं वजन उचललं आणि साबण खरवडायला विहिरीवर गेला. त्या क्षणी मला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगेल तर बरं असं जे म्हणतात, ते नुसतं म्हणण्यासाठी म्हणत नाहीत हे मला कळलं. मी सरळ सांगितलं असतं तर खडप वाचलं असतं. काहीच सांगितलं नसतं तर तिनं तिच्या अकलेनं मॅडमना दुसरं काही विचारलं असतं, कदाचित तरी वाचलं असतं. मी तिला पकडायला गळ टाकला आणि त्याला माझंच घर लागलं.

नेत्रा अजून माझ्यासमोर उभी होती. तिला उलगडा व्हायला जरा वेळ लागला, कारण ती आमच्यातली नव्हती, तिला ती म्हण कोणी सांगितलीच नव्हती. झाला तेव्हा ती रागावली नाही. नुसतं म्हणाली, "मग न्हाय सांगत म्हणायचं ना, आई. मी गप्प बसले असते."

सदूमुळे दुसऱ्या दिवशी वाडाभर झालं की धर्माजीच्या सुनेनं धर्माजीचं खडप विकलं. पाण्यावर जाणाऱ्या बायका तिला बघून गप्प व्हायला लागल्या. मी दोन दिवस ते होऊ दिलं, हेही सांगून टाकते. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सभेत उभी राहिले आणि सगळं सांगितलं: निशाणी मी उलटी दिली, पोरीनं जागा वाचवायला धडपड केली, तिचा काही दोष नाही. बोलताना मी कोणाकडे बघितलं नाही. मग बाबाजींचा आवाज आला.

"मी तवाच बोललो व्हतो, भिंत हाय म्हनून," ते म्हणाले. "पन ती सरकारनं न्हाय घातली. सत्यवतीनं घातली."

ह्या वेळी वाडा हसला. मी पण हसले, दुसरं काय करणार.

आता दीड वर्ष झालं. संस्थेनं पाण्याखाली कॅमेरा सोडला होता. गढूळ पाण्यात फार दिसत नाही, पण ठोकळ्यांवर कालवांचे थर आहेत आणि एका नळातून हेकरू तोंड काढून बघतोय एवढं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. फोटो मोठा करून बघितला. ट्रॉलर त्या बाजूला फिरकत नाहीत. ठोकळ्यांच्या भोवती, बोयांच्या बाहेर, डोलीला कधी नव्हे ती बारीक कोळंबी यायला लागलीय. बंदी उठली की तिथे फक्त गळानं मासेमारी करायची आणि घराघरानं पाळी लावायची, असं सोसायटीनं ठरवलंय. आमची पाळी अकरा दिवसांतून एकदा येईल. वाडा नेत्राला दुवा देतो. ज्या बायका तिला बघून गप्प व्हायच्या त्याच आता तिला आधी पाणी भरू देतात. म्हणजे संस्थेचं म्हणणं खरंच होतं, आणि तरीही आमचं खडप गेलं. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे माझ्यासारखीला पचायला जड जातं.

दिवाळीनंतर धर्माजी नेत्राला होडीतून घेऊन गेला. तिला हात लांब करून मूठ धरायला शिकवलं, देऊळ, खिंड, किल्ला, सगळं सरळ सांगितलं. ज्याच्यावर आता बोये तरंगतात, त्या जागेची निशाणी सांगून काय उपयोग, असं मी विचारलं नाही. त्याला काय सांगायचं होतं ते मला कळलं होतं.

माझ्याशी नेत्रा नीट वागते. आई म्हणते, औषधाची आठवण करते, प्रणयचा फोन आला की आधी माझ्याकडे देते. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नाही, आणि मी शोधून बघितलीय.

परवा मला ताप होता, म्हणून कालवण ती करत होती. मी दाराशी चटईवर पडले होते. तिनं चुलीपासून विचारलं, आई, मीठ कुठल्यात? मी म्हटलं, डाव्या बरणीत. तिनं आधी उजवीचं झाकण काढलं, बोट घातलं आणि चाखलं. मग डावीचं काढलं, तेही चाखलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, टोमणा नव्हता, मी बघतेय हे तिच्या ध्यानातही नव्हतं. तिला नुसती सवय झाली होती, आणि ती लावली मी.

रात्री जेवताना मी पहिला घास घेतला. कालवणात मीठ बरोबर पडलं होतं.